वडवाराच्या घाटाला टायर

भुवनेश्वरी: ...आणि सही इथं, आत्याबाई. ह्या रेघेवर. मी पेन्सिलीनं खूण करून ठेवलीय.

गंगाबाई: खूण कर, नाही तर हळदकुंकू वाहा त्या कागदाला. मी सही करायची नाही म्हणजे नाही.

सीतारामराव: भुवना, शेवग्याचा पाला झाला निवडून. काड्या कुठं टाकूं?

गंगाबाई: तुम्ही विषय बदलूं नका.

सीतारामराव: अगं, मी काड्यांचं विचारतोय.

गंगाबाई: तुमच्या काड्या मला चांगल्या ठाऊक आहेत. ह्या कागदामागं तुम्हीच. जन्मभर ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत लोकांचे अर्ज लिहिलेत, घरी बसलात तरी हात शिवशिवतो. सुनेला पुढं केलंय, एवढंच.

भुवनेश्वरी: नाही हो. मामंजींनी इंग्रजी तेवढं बघून दिलं. अर्ज माझाच. मद्रासची ती ट्रस्ट आहे ना, तिनं पेपरात दिलं होतं...

सीतारामराव: चेन्नै. गेल्या वर्षापासून चेन्नै म्हणायचं.

भुवनेश्वरी: बरं, चेन्नैची ट्रस्ट. जुन्या टायरपासून केलेल्या वस्तू सगळ्यांच्या उपयोगाच्या जागी लावायच्या असतील, तर खर्च ते देतात. कुणी शाळेत झोपाळे केले, कुणी दवाखान्याच्या उतारावर चटया टाकल्या. मी आपल्या वडवार नदीच्या घाटासाठी मागितलं. चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर टायरच्या दोन पट्ट्या, बोल्ट मारून घट्ट. गणेशकुमार करून देणार आहे. ओरत्तनाडू रोडवर तो झिजल्या टायरला नवी कातडी चढवतो ना, तोच.

गंगाबाई: कातडी! ऐका. हिच्या तोंडूनच आलं.

भुवनेश्वरी: अय्यो, तसं म्हणतात आत्याबाई! रबरच असतं ते.

गंगाबाई: मग रबराचं ऐक. मी पहाटे नदीत बुडी मारणार, ओलेत्यानं घागर भरणार, सोवळ्यात वर येणार, आणि पाय कशावर ठेवणार? लॉरीच्या चाकावर. त्याखाली काय काय आलं असेल देवाला माहीत. शेण, थुंकी, मेलेलं कुत्रं. शिव शिव. चौदा पायऱ्या चढेपर्यंत मी चौदा वेळा ओवळी!

भुवनेश्वरी: रबर म्हणजे झाडाचा चीक हो. तिकडं नागरकोविलला झाडाला खाच मारतात, चीक गळतो, त्याचं रबर. फणसाच्या चिकासारखं. फणस चालतो ना आपल्या देवाला?

गंगाबाई: फणस झाडावरून थेट माझ्या विळीवर येतो. तुझा टायर कुंभकोणम्, तिरुची, सेलम् सगळं फिरून येतो.

भुवनेश्वरी: आणि तुमचं रेशमी सोवळं? ते तर किड्याच्या...

गंगाबाई: रेशमावर जाऊं नकोस. रेशीम कुणी रस्त्यावर फिरवत नाही.

सीतारामराव: ह्यात मुद्दा आहे हं, भुवना.

भुवनेश्वरी: मामंजी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

सीतारामराव: मी पाल्याच्या बाजूनं आहे. सुकायला लागलाय. गरम कापी झाली का गं?

गंगाबाई: चार वाजल्याशिवाय कापी नाही. हरिता शाळेतून आली की सगळ्यांना एकदम.

भुवनेश्वरी: आत्याबाई, नीट ऐका ना. उद्या दहा वाजता चेन्नैचे साहेब गणेशकुमारच्या दुकानी येणार. आठ गावचे अर्ज आहेत त्यांच्याकडं, आणि ह्या वर्षीचा हा शेवटचा हप्ता. घाट रोज वापरणाऱ्या पंचवीस जणांच्या सह्या लागतात. मी आठ दिवस दारोदार हिंडले. सगळ्या जणी हो म्हणतात आणि पेन हातात घेतलं की विचारतात, गंगाबाईंची झाली का? अंबाबाईंनी तर तोंडावर सांगितलं, तुझी सासू घाटावर टायर चालवून घेत असेल तर मी काय, मी विमानाचं चाकसुद्धा चालवून घेईन.

गंगाबाई: अंबीला विमान कुठं दिसलं?

भुवनेश्वरी: तुमची एक सही. मागून चोवीस येतील.

गंगाबाई: म्हणूनच नाही. माझ्या एकटीचं असतं तर एक वेळ मी डोळे मिटून चढले असते. पण उद्या चोवीस घरच्या बायका म्हणतील, गंगाबाईंनी सोवळं बाटवलं. माझ्या सासूबाई त्या घाटावर जात होत्या, त्यांच्या सासूबाई जात होत्या. कुणाला टायर लागला नाही.

भुवनेश्वरी: कुणी पडलं नाही?

गंगाबाई: पेन झाकून ठेव ते, शाई सुकेल.

भुवनेश्वरी: आत्याबाई, गेल्या शुक्रवारी तुम्ही पडलात.

गंगाबाई: कोण म्हणतं?

भुवनेश्वरी: विशालाक्षीबाई.

गंगाबाई: ती विशालाक्षी! तिचं तोंड म्हणजे कॉर्पोरेशनचा नळ. पाण्याची वेळ झाली की आपोआप सुटतो. पडले नाही मी. टेकले. पायरीवर जरा टेकले.

सीतारामराव: टेकलीस आणि त्या दिवसापासून डाव्या कुशीवर झोपतेस.

गंगाबाई: तुम्ही झोपायचं सोडून माझ्या कुशी मोजता?

सीतारामराव: आणि ट्रंकेतली अमृतांजनची बाटली अर्धी झालीय. मी विचारलं नाही. म्हटलं, ही सांगेल तेव्हां सांगेल. मला ताप होता म्हणून मी शुक्रवारी बरोबर आलो नाही. एकच दिवस आलो नाही.

गंगाबाई: तुम्ही येऊन तरी काय करता? वरच्या पायरीवर बसून पेपर धरता. पहाटेच्या अंधारात कुणाला पेपर वाचतां येतो?

भुवनेश्वरी: आत्याबाई, तुम्हांला बहात्तर पुरी झाली. आपला दिवाळीतला पाऊस तोंडावर आलाय. दिवाळीत शेवाळ कसं धरतं त्या पायऱ्यांवर, मला सांगायला नको. कंबर मोडली तर? नुसत्या बसून राहाल. तुम्ही! तुम्हांला पाच मिनिटं बसवत नाही. मला ते बघवणार नाही. म्हणून केलाय हा अर्ज. सगळ्यांचं नाव पुढं केलंय, पण केलाय तो तुमच्यासाठी.

गंगाबाई: माझ्यासाठी एवढं नको करूंस गे. मी जपून जाते.

भुवनेश्वरी: ठीक आहे. सही नका करूं. मग उद्यापासून सोवळ्याचं पाणी मी आणते.

गंगाबाई: नाही!

भुवनेश्वरी: का?

गंगाबाई: नाही म्हटलं ना. त्या पायऱ्यांवर तू पाय ठेवायचा नाहीस.

भुवनेश्वरी: पंधरा वर्षं हेच ऐकतेय. का, ते एकदा तरी सांगा.

गंगाबाई: सांगण्यासारखं काय आहे त्यात? तू पाला भिजत घाल. जा.

भुवनेश्वरी: आज नाही जाणार. आज मी बोलते. रागावा हवं तर.

सीतारामराव: भुवना, सावकाश.

भुवनेश्वरी: सावकाशच बोलतेय मामंजी, पंधरा वर्षांनी बोलतेय. आत्याबाई, मी पडले त्या दिवाळीला. मला पाचवा होता. घागर गेली, मी गेले, आणि... जे गेलं ते गेलं. दोन महिन्यांनी मी उठले. पहिल्या दिवशी न्हाऊन, सोवळं नेसून, घागर उचलली. तुम्ही माझ्या हातातनं घागर ओढून घेतलीत. एक शब्द बोलला नाहीत. ओढलीत आणि निघून गेलात. त्या दिवसापासून आजपर्यंत देवाचं पाणी माझ्या हाताला नाही. हरिता झाली, तिचं बारसं झालं, तरी नाही. घरात सगळं माझ्या हातचं चालतं. सांबार चालतं, कापी चालते. देवाचं पाणी तेवढं नाही.

गंगाबाई: भुवना...

भुवनेश्वरी: मला कळलं तेव्हांच. म्हटलं, बरोबर आहे. पोटातलं मूल जिला सांभाळतां आलं नाही, तिच्या हातचं पाणी देवाला कसं चालेल. अपशकुनी हात. मी कुणाला बोलले नाही. ह्यांना, तुमच्या मुलालासुद्धा नाही. रोज सकाळी तुम्ही घागर घेऊन आत आलात की मी स्वयंपाकघरातनं बाजूला होते. तुमच्या अंगाला माझा पदर लागूं नये म्हणून.

गंगाबाई: अगे, म्हणून होतेस बाजूला? मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून होतेस.

भुवनेश्वरी: म्हणजे?

गंगाबाई: अगे, तू मला बघून तोंड फिरवतेस असं मला वाटत होतं. आणि फिरवशील नाही तर काय! पाठवलं कुणी तुला? मी. पाऊस लागलेला, पायऱ्या हिरव्या झालेल्या, मला दिसत नव्हतं का? माझी पाठ दुखत होती. मी चटईवर पडल्या पडल्या म्हणाले, भुवना, सोवळ्याचं पाणी संपलं, एक घागर आण. नैवेद्याला उशीर होतोय. तू म्हणालीस, आत्याबाई, पाऊस थांबूं दे. मी म्हणाले, देव थांबतो का? हे मी म्हणाले. ह्या तोंडानं.

भुवनेश्वरी: मला आठवत नाही ते.

गंगाबाई: मला आठवतं. देव थांबला असता. देवाला काय घाई होती? घाई मला होती. गल्लीतल्या नागलक्ष्मीच्या घरचा नैवेद्य आपल्या आधी होतो, ह्याची घाई. त्यापायी पोर घालवलं मी तुझं. घागर ओढून घेतली ती म्हणून. म्हटलं, आता ह्या पायऱ्या माझ्या. पडायचं असेल तर मी पडेन. ही पुन्हा जायची नाही. तोंडानं सांगायला पाहिजे होतं गे. पण सांगायचं म्हणजे, मी पाठवलं, हे म्हणावं लागलं असतं. ते तोंडातनं निघेना.

भुवनेश्वरी: पंधरा वर्षं, आत्याबाई?

गंगाबाई: पहिला महिना अवघड गेला. मग सवय लागली, न बोलायची.

भुवनेश्वरी: मी रोज रडायचे. न्हाणीघरात, बादली सोडून.

गंगाबाई: ऐकूं यायचं मला.

सीतारामराव: मलाही.

गंगाबाई: ये इकडं. ये, बस जवळ. ह्या हाताला कोण अपशकुनी म्हणतं? कुणी म्हणून दाखवावं माझ्या देखत. तुझ्या हातचं पाणी प्याल्याशिवाय मला गोळी गिळवत नाही, आणि देवाला चालत नाही म्हणे! वेडी कुठली.

भुवनेश्वरी: तुम्हीपण रडताय.

गंगाबाई: रडूं दे. पदर दे तुझा, माझा सोवळ्याचा आहे.

भुवनेश्वरी: आत्याबाई, मग असं करूं. मी जात नाही. तुम्हीही जाऊं नका. दोघींनीही नको. अंगणात नळ आहे. सकाळी सहाला पाणी येतं. न्हाऊन सोवळ्यात तिथंच घागर भरा. अर्ज नको, टायर नको.

गंगाबाई: नळाचं पाणी? देवाला? भुवना, सगळं ठीक आहे, पण हे नको बोलूंस. नळात चामड्याचा वाशर असतो. तोटी फिरवली की पाणी चामड्याला घासून येतं. म्हणून तर सासूबाईंनी नळाचं पाणी देवघरात येऊं दिलं नाही. धुण्याभांड्याला ठीक. घरी न्हाले तरी मी शेवटचे दोन तांबे नदीचे घेते.

सीतारामराव: अगं.

गंगाबाई: काय?

सीतारामराव: चुलीवर काही नाही ना?

गंगाबाई: काही नाही. का?

सीतारामराव: तू जरा भिंतीला टेकून बस. भुवना, तूही बस.

गंगाबाई: काय झालं? ताप आला का पुन्हा?

सीतारामराव: ताप नाही. त्या नळात चामडं नाही.

गंगाबाई: म्हणजे?

सीतारामराव: चामड्याचा वाशर नाही त्यात. आई गेली त्या साली नळ गळायला लागला होता. तोटी उघडून बघितली तर चामडं कुजून लोळागोळा झालेलं. फिटर म्हणाला, हल्ली कुणी चामडं घालत नाही, रबर घालतात. त्याच्या पिशवीत मापाचं नव्हतं. माझ्या सायकलची जुनी ट्यूब माडीवर पडली होती. तिची चकती कापून घातली. मी स्वतः कात्रीनं कापली. एकोणीसशे त्र्याहत्तर.

गंगाबाई: त्र्याहत्तर.

सीतारामराव: त्यानंतर दोनदा बदलली. दोन्ही वेळा रबरच.

भुवनेश्वरी: मामंजी, मी पडले ते ब्याऐंशी साली.

सीतारामराव: होय.

भुवनेश्वरी: म्हणजे त्या दिवशी अंगणातल्या नळाचं पाणी...

सीतारामराव: चाललं असतं. होय, भुवना. तू दाराबाहेर पडलीस तेव्हां मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. तू घागर घेऊन माझ्यासमोरून गेलीस. मी म्हणालो, छत्री ने. छत्री ने म्हणालो, पण, जाऊं नको, नळात रबर आहे, हे नाही म्हणालो.

गंगाबाई: का नाही म्हणालात?

सीतारामराव: भित्रा आहे म्हणून. आधी म्हटलं, आईचं वर्षश्राद्ध होऊं दे, मग सांगूं. ते झालं, तर तू आईपेक्षा कडक निघालीस. मग म्हटलं, सवडीनं सांगूं. रोज एक दिवस पुढं ढकलला. कचेरीतली सवय. कागद टेबलावर पडला की पडून राहतो, कुणी विचारीपर्यंत. आणि भुवना पडल्यावर तर कुठल्या तोंडानं सांगणार? हिला आस्पत्रीत नेताना रिक्षात माझ्या मांडीवर डोकं होतं हिचं. मला म्हणाली, मामंजी, घागर फुटली का बघा हो. मला त्या घागरीचं... मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आज तुम्ही दोघी एकेक काढत होतात, आणि मी पाला निवडत होतो. लाज वाटली.

गंगाबाई: सव्वीस वर्षांचा संसार असताना चोवीस वर्षं नदीचं पाणी नुसतं मीच ओढलं असतं तर मी काही बोलले नसते. पण हिचं! हिचं पोर गेलं हो तुमच्या एका चकतीपायी. नाही, माझ्या तोंडापायी आणि तुमच्या गप्प बसण्यापायी.

सीतारामराव: संसार त्रेपन्न वर्षांचा आहे.

गंगाबाई: मला हिशेब शिकवूं नका आत्ता!

सीतारामराव: बरं. भुवना, तू काही बोल गं. रागाव. मला चालेल. मला बरं वाटेल.

भुवनेश्वरी: मामंजी, राग आहे. खोटं कशाला सांगूं. पण तो आत्ता कुठं ठेवायचा ते कळत नाही. तुम्ही हरिताला तीन वर्षं सायकलवर शाळेत सोडलंत. मी आजारी पडले की डोक्यावर पट्ट्या तुम्हीच ठेवता. हे सगळं आठवतंय आणि घागरही आठवतेय. मला थोडे दिवस लागतील.

सीतारामराव: लागूं दे. हवे तितके लागूं दे.

गंगाबाई: म्हणून येत होतात तुम्ही रोज पहाटे?

सीतारामराव: काय?

गंगाबाई: घाटावर. ब्याऐंशी सालापर्यंत तुम्हांला आठाशिवाय उठवत नव्हतं. एकाएकी पहाटे फिरायला म्हणून माझ्यामागं. पाऊस असो, थंडी असो. मी म्हणायची, म्हातारा झाला, झोप उडाली ह्याची.

सीतारामराव: तुला अडवायची हिंमत नव्हती. निदान वर बसून बघावं तरी. घसरलीस तर धावतां येईल.

गंगाबाई: तुम्ही धावणार! गुडघे बघा तुमचे.

सीतारामराव: निदान ओरडतां आलं असतं.

गंगाबाई: तिघंही सारखेच वेडे आपण. एका छपराखाली राहून एकमेकांना सांभाळत होतो, चोरासारखे. भुवना, पाणी दे मला. नळाचं दे. हो, नळाचंच. बघूं कसं लागतं.

भुवनेश्वरी: घ्या.

गंगाबाई: पाण्यासारखंच आहे.

सीतारामराव: मग आता अर्जाचं काय? नळ चालतोय म्हणजे घाटावर जायचं कारण उरलं नाही. मी गणेशकुमारला निरोप देतो. दुसऱ्या कुठल्या तरी गावाला मिळतील पैसे.

गंगाबाई: थांबा. कागद कुठं ठेवलास गे?

भुवनेश्वरी: हा काय. पण आत्याबाई, आता तुमच्यासाठी नकोच ना.

गंगाबाई: आण इकडं. माझा चष्मा. हे बघ, नागलक्ष्मीची सून सहाव्यात आहे. काल बघितली मी, बादलीभर धुणं घेऊन उतरत होती. पोट पुढं, पायरी दिसत नाही. मी वरून ओरडले, अगे, भिंत धर! ती हसली. ह्या वयात सगळ्या हसतात. तिला घरी नळ नाही. अर्ध्या गल्लीला नाही. तिच्या पायाखाली टायर आला तर मला काय करायचंय तो कुठून फिरून आला? माझ्या देवाची भांडी चोवीस वर्षं सायकलच्या ट्यूबला लागलेल्या पाण्यानं घासतेय, देव काही उठून गेला नाही. न्हाऊन आलेल्या बाईला पायरीवर टायर लागला तर बाटेल, असं कुणी म्हणालंच तर त्याला माझ्याकडं पाठव. अंबीला आधी पाठव.

भुवनेश्वरी: खरंच करताय?

गंगाबाई: करतेय, पण माझ्या अटी आहेत. लिहून घ्या हो, तालुका कचेरी. एक, त्या गणेशकुमारला सांगायचं, पट्ट्या बसवायच्या आधी तीन दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. नंतर शेण आणि हळदीच्या पाण्यानं मी स्वतः धुणार.

सीतारामराव: रबराला शेण?

गंगाबाई: लिहा. दोन, प्रेतं नेणाऱ्या गाडीचा टायर नको. त्याच्याकडून शपथ घ्यायची.

भुवनेश्वरी: गणेशकुमार हसेल आत्याबाई.

गंगाबाई: हसूं दे. तीन, सातव्या पायरीला दोन नाही, चार पट्ट्या.

भुवनेश्वरी: सातव्या.

गंगाबाई: हो. सातवी.

सीतारामराव: लिहिलं.

गंगाबाई: ही झाली सही. आता हे खाली काय विचारलंय? मला इंग्रजी कळत नाही.

भुवनेश्वरी: घाट कशासाठी वापरता, आणि आठवड्यातून किती वेळा. तुमचं काय घालूं? तुम्ही तर आता नळाचंच पाणी घेणार.

गंगाबाई: रोज, असं घाल.

भुवनेश्वरी: पण पाणी...

गंगाबाई: पाण्याला नळ आहे. मला तिथं दुसरं काम असतं. रोज असतं.

सीतारामराव: कसलं काम? मी पंधरा वर्षं वर बसतोय, मला कधी दिसलं नाही.

गंगाबाई: तुम्हांला अंधारात दिसणार काय! घागर भरून झाली की मी सातव्या पायरीवर थांबते, भुवना पडली तिथं. थकले म्हणून नाही. ओंजळभर पाणी घेते आणि सोडते. शास्त्रात आहे की नाही मला ठाऊक नाही. न जन्मलेल्याला काही देत नाहीत म्हणतात. मंत्र नाही, तीळ नाही, काही नाही. नुसतं पाणी. तहान तर लागत असेल ना गे त्याला. एक दिवस चुकवला नाही मी. शुक्रवारी पडले, तेव्हांसुद्धा आधी ते केलं आणि मग कंबर चोळत बसले.

(भुवनेश्वरी पेन खाली ठेवते, कागद बाजूला सारते.)

गंगाबाई: चुकलं का माझं? तुला विचारायला पाहिजे होतं. मूल तुझं.

भुवनेश्वरी: तुम्ही त्याला काय म्हणता? पाणी देताना?

गंगाबाई: काय म्हणणार? नाव कुठं होतं त्याला. मुलगा होता एवढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. नुसतं बाळा म्हणते. ये रे बाळा, पाणी घे.

भुवनेश्वरी: नाव होतं, आत्याबाई.

गंगाबाई: होतं?

भुवनेश्वरी: मी ठेवलं होतं. मनातल्या मनात. मुलगा झाला तर हे, असं. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, बारशाला सांगीन.

गंगाबाई: सांग ना गे.

भुवनेश्वरी: कार्तिकेय.

गंगाबाई: कार्तिकेय. चांगलं आहे. उद्या पहाटे तू चल माझ्याबरोबर. माझा हात धर, मी तुझा धरते. आणि हाक तू मार. तुझा आवाज त्यानं अजून ऐकला नाही.